गॅस भरायच्या आधी ब्लोअर उघडा: जुन्या गाडीच्या एसीचा वारा का मंदावतो

बाबांची गाडी 2009 ची, छोटी हॅचबॅक, पेट्रोल. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, दुपारी दोनला स्टेअरिंगला हात लावता येत नाही. आईला उन्हाचा फार त्रास होतो आणि दोन उन्हाळे ती मागच्या सीटवर ओल्या पंचानं मान पुसत बसायची, कारण एसी चार नंबरवर ठेवला तरी मागपर्यंत वाराच पोचत नव्हता. त्या दोन वर्षांत दोनदा गॅस भरला. दोन्ही वेळा आठवडाभर बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, ब्लोअर बाहेर काढला, आणि त्यात गुलमोहराची वाळलेली पानं, धुळीची गादी आणि उंदरानं कुरतडून आणलेला सीटचा स्पंज असं सगळं निघालं, चांगली ओंजळभर. ते मिस्त्री मामा म्हणाले, "ताई, गॅस पुरता आहे. वाऱ्याला जायला जागाच नाही."

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) घेतला, मामांच्या गॅरेजात बसून बघितलं, घरातल्या आणि शेजारच्या चार-पाच जुन्या गाड्यांचे ब्लोअर स्वतः काढले. जे कळलं ते इथे लिहितेय, कारण "एसी कमी झालाय" म्हटलं की गॅस भरून घ्या हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि वारा कमी असेल तर त्याचा नव्वद टक्के वेळा काही उपयोग नसतो असं माझं मत झालंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गाडीच्या एसीत दोन वेगळी कामं चालतात. एक गारवा तयार करायचं, त्यात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस, कूलिंग कॉइल हे सगळं येतं. दुसरं तो गारवा आपल्यापर्यंत आणायचं, आणि ते काम एकट्या पंख्याचं, म्हणजे ब्लोअरचं. ब्लोअर बॅटरीच्या करंटवर चालतो, त्याचा गॅसशी संबंध नाही, इंजिनाच्या वेगाशीही थेट संबंध नाही. गॅस अर्धा असेल तर वारा तेवढाच येईल, फक्त कोमट येईल. उलट गॅस पुरेपूर असला आणि वारा अडलेला असला तर जाळीतून येणारी हवा बर्फासारखी गार लागेल पण गाडी गार होणार नाही, कारण त्या गार हवेची मात्राच कमी. आणि गंमत अशी की वारा कमी झाला की कॉइलला गरम हवा कमी मिळते, ती लवकर थंड होते, सेन्सरला वाटतं काम झालं आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे मशीन तंदुरुस्त असून सारखं थांबतंय आणि आपण घामाघूम.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. सकाळी गाडी थंड असताना इंजिन चालू न करता चावी ऑनवर फिरवा, एसीचं बटण बंद ठेवा, ब्लोअर चार नंबरवर करा आणि समोरच्या जाळीपुढे हात धरा. आता इथे ना कॉम्प्रेसर चालू आहे ना गॅस फिरतोय. तरीही वारा मंद असेल तर गॅसचा विषय तिथेच संपला, दोष हवेच्या वाटेत किंवा मोटरमध्ये आहे. इथे वारा जोरदार आहे पण एसी लावून अर्धा तास चालवल्यावर मंदावतो, तर ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येते.

आता हवा जिथून आत शिरते तिथून सुरुवात करू. बॉनेट आणि पुढची काच यांच्यामध्ये वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते ना, बाहेरची हवा तिथून आत येते. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी ही जागा आज बघाच. मोठी पानं जाळीवर अडकतात ती दिसतात तरी, पण गुलमोहराची ती तांदळाएवढी पानं जाळीच्या फटीतून सरळ खाली जातात, कडुनिंबाचा मोहोरही तसाच, आणि मग पावसाळ्यात ते ओलं होऊन कुजतं, त्याचा थर बसतो. बाहेरची हवा आणि आतलीच हवा फिरवणं यासाठी जी खिटी किंवा बटण असतं ते दोन्हीकडे करून बघा. आतलीच हवा फिरवताना वारा एकदम वाढत असेल तर बाहेरची वाट तुंबलीय असं समजा. (थोडा फरक आणि आवाजात वाढ हे नेहमीचंच असतं, मी एकदम म्हणतेय.) अजून एक, बाहेरची हवा घेताना काच चार बोटं खाली केली की वारा वाढतो का ते बघा. वाढत असेल तर हवेला बाहेर पडायला जागा नाही. गाडीत जेवढी हवा शिरते तेवढी कुठून तरी निघाली पाहिजे, त्यासाठी डिकीच्या बाजूला, बंपरच्या आड रबरी पडद्यांच्या खिडक्या असतात आणि जुन्या गाड्यांत त्या चटया, स्टेपनीचं कव्हर, रंगकामाचा थर अशा कशानं तरी झाकल्या गेलेल्या सापडतात. फारच कमी लोकांना त्या आहेत हेच माहीत असतं.

ब्लोअर आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत एक कनेक्टर आणि तीन स्क्रू, एवढंच काढलं की मोटर पंख्यासकट खाली येते, पण पाय बाहेर काढून मान वाकडी करून झोपावं लागतं याची तयारी ठेवा. पॅसेंजरच्या बाजूला एअरबॅग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबा, आणि खात्री नसेल तर मिस्त्रींकडूनच करून घ्या. हा पंखा आपल्या घरच्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो. गोल पिंजरा असतो, कडेनं खूप सारी बारीक वाकडी पाती, आणि त्या वाकडेपणामुळेच हवा पकडून बाहेर फेकली जाते. पंधरा वर्षांची धूळ त्या बाकात बसते आणि पातं सपाट होतं. पळीत पीठ चिकटून सुकलं की त्या पळीत आमटी मावत नाही तसंच. मोटर तेवढीच फिरते, आवाजही तेवढाच येतो, वारा मात्र निम्मा. आमच्या गाडीत नेमकं हेच होतं आणि म्हणून इतकी वर्षं कुणाला संशय आला नाही, कारण आवाज तर जोरात यायचा!

साफ करताना मोटरवर पाणी घालू नका. पिंजरा मोटरपासून वेगळा होत असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं एकेक पातं घासा, वेगळा होत नसेल तर कोरडा ब्रश आणि हवा मारणं. पात्याला एखादी छोटी लोखंडी क्लिप लावलेली दिसली तर ती कचरा समजून काढू नका, पंखा डगमगू नये म्हणून कंपनीनं लावलेलं वजन असतं ते. मी माझ्या मामेभावाच्या गाडीची काढली होती आणि मग पूर्ण डॅशबोर्ड थरथरायला लागला, पुन्हा शोधून लावावी लागली.

मोटर बदलली आणि त्यानंतर वारा कमी झाला असं असेल तर एक विचित्र पण खरी शक्यता सांगते. या मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर ती उलटी फिरते, आणि अशा पिंजऱ्याच्या पंख्याची खोड अशी की उलटा फिरला तरी वारा त्याच दिशेनं येतो, फक्त बराच कमी. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पिंजऱ्यावर बाण असतो किंवा पात्यांचा बाक बघून कळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता करंट. इथे मला जरा वेळ घालवायचाय कारण जुन्या गाड्यांत हा भाग फार वेळा चुकीचा दुरुस्त होतो. हाताच्या बटणाच्या साध्या एसीत चार नंबरला करंट थेट मोटरकडे जातो, आणि एक, दोन, तीनला तो एका रेझिस्टरमधून जातो जो थोडी वीज उष्णतेत घालवतो म्हणून मोटर हळू फिरते. म्हणून फक्त चार नंबर चालतो आणि बाकीचे मेलेत, तर रेझिस्टर गेला. उलट एक-दोन-तीन चालतात आणि चार नंबरला काहीच फरक पडत नाही किंवा बंदच पडतो, तर रेझिस्टर ठीक आहे, जोरात चालवणारा रिले (करंटनं चालणारा स्विच) किंवा बटणातला कॉन्टॅक्ट बघा. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो कारण तो चांगलाच तापतो आणि ब्लोअरच्याच वाऱ्यानं थंड होतो. याचा अर्थ असा की वाट तुंबलेली असेल किंवा मोटर जड फिरत असेल तर नवा रेझिस्टर पण जळणार. तुमच्या गाडीत तो वर्षात दोनदा गेला असेल तर तिसरा आणायच्या आधी ब्लोअर काढून हातानं फिरवून बघा, अडखळतो का, बुश घासल्याचा आवाज येतो का, मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजून संपलेत का.

सगळे नंबर चालतात पण सगळेच मंद, असं असेल तर मल्टिमीटर काढा. इंजिन चालू असताना चांगल्या अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बॅटरीला साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसतात. ब्लोअर चार नंबरवर ठेवून मोटरच्या कनेक्टरवर मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्टभर किंवा त्याहून जास्त कमी दिसला तर मधल्या रस्त्यात करंट मुरतोय, म्हणजे गंजलेली अर्थिंगची वायर, सैल फ्यूज, काळा पडलेला बटणाचा कॉन्टॅक्ट, वितळलेलं कनेक्टर. पूर्ण वेगात ही मोटर 15-20 अँपिअर ओढू शकते, एवढ्या करंटला एखादी सैल पिन पुरते आणि ती तापून प्लास्टिक पिवळं-तपकिरी होतं, बघितलं की ओळखू येतं. आणि सिग्नलला उभं राहिल्यावर गारवा कमी होणं वेगळं आणि वारा कमी होणं वेगळं. गारवा कमी झाला तर कॉम्प्रेसर हळू फिरतोय, कंडेन्सरचा फॅन चालत नाहीये असं काही असेल. पण वाराच कमी झाला, सोबत हेडलाइटही मंद झाली, तर अल्टरनेटर किंवा बॅटरीकडे बघा.

इथेच हात जोडून सांगते, वारा वाढवायला म्हणून मोठ्या गाडीची मोटर बसवू नका आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज तर मुळीच घालू नका. वायर त्या करंटसाठी बनलेली नसते. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून उडतो.

फिल्टरचं थोडक्यात. नव्या गाड्यांत कागदी घड्यांचा एसी फिल्टर असतो, तो वर्षाला किंवा 10-15 हजार किलोमीटरला बदलायचा, कच्च्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर त्याच्याही आधी. आंधळेपणानं महागातला जाड कार्बनचा घालू नका, तो वास अडवतो पण हवाही थोडी जास्त अडवतो आणि थकलेल्या ब्लोअरला ते झेपत नाही. जुन्या आणि बेसिक मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर मुळात दिलेलाच नसायचा. आमच्या गाडीतही नव्हता. म्हणजे पंधरा वर्षं जी धूळ आली ती अडवायला पुढे एकच वस्तू होती, कूलिंग कॉइल.

ही कॉइल म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक पत्र्यांची दाट जाळी, आणि एसी चालू असताना ती कायम ओली असते कारण हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. ओल्या जाळीवर धूळ, केस, पानांचा चुरा असा चिकटतो की वरून बघितलं तर राखाडी घोंगडी पांघरल्यासारखी दिसते. एसी लावल्यावर ओल्या पोत्यासारखा वास येतो तो बहुतेक इथूनच. बघण्यासाठी सगळा डॅशबोर्ड खोलायची गरज नसते, ब्लोअर किंवा रेझिस्टर काढला की त्या भोकातून मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घालता येतो, गॅरेजवाल्यांकडे असतोच हल्ली. थर पातळ असेल तर मऊ ब्रश आणि कॉइल धुवायचा फेस यानं काम होतं, मळ खालच्या पाण्याच्या नळीतून निघून जातो. पण घोंगडी जाड असेल तर फेस तिला फक्त भिजवतो आणि आत ढकलतो. मग कॉइल काढूनच धुवावी लागते, त्यासाठी आधी गॅस मशीननं काढून घ्यायचा, ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी रिंगा) नव्या घालायच्या, व्हॅक्यूम करायचा आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस वजन करून भरायचा. खर्चिक काम आहे, एक दिवस जातो. तरी दरवर्षी गॅस भरत बसण्यापेक्षा हे एकदा केलेलं परवडतं असं मला वाटतं. गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडे जाऊ नका, या गाड्यांच्या एसीतला हा गॅस, आर-134ए, वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भारी आहे. आणि कॉइलमध्ये तार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून कोरू नका, पत्रा मऊ असतो, नळीला भोक पडलं की संपलं.

आता ती मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. सुरुवातीला वारा मस्त, अर्ध्या-पाऊण तासानं मंदावत मंदावत जवळजवळ बंद, आणि एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की परत जोरात, वर गाडीखाली भरपूर पाणी. हे ऐकलं की समजा कॉइलवर बर्फ जमतोय. बर्फानं जाळीची भोकं बुजतात, तो वितळला की वाट मोकळी होते. कॉइल शून्याच्या थोडी वरच राहावी म्हणून तिच्यावर एक तापमानाचा सेन्सर असतो, थोडा शून्याच्या वर पारा आला की तो कॉम्प्रेसर थांबवतो. तो सेन्सर जागेवरून निसटला किंवा बिघडला की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दुसरं कारण म्हणजे वाराच कमी असणं, म्हणजे वर सांगितलेली सगळी घाण. आणि तिसरं कारण, इथे मात्र गॅस खरोखर मधे येतो: गॅस कमी असला तर कॉइलमधला दाब पडतो, आणि दाब पडला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो. आर-134ए साठी साधारण 28 पीएसआयला शून्य अंश असा हिशोब आहे. मिस्त्रींनी गेज लावलं आणि लो साइडचा, म्हणजे कॉइलकडच्या कमी दाबाच्या बाजूचा काटा सारखा त्याच्या खाली जात असेल तर कॉइल गोठणार. म्हणजे गॅस भरा असं सांगणारा माणूस नेहमी चुकीचा नसतो, फक्त त्यानं आधी गेज लावून, वारा तपासून मग सांगितलेलं असावं. आणि गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो, वर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

मुंबई, कोकण, गोव्याकडच्या लोकांना हा बर्फाचा त्रास लवकर होतो कारण हवेत दमट वाफ भरपूर. सोलापूर-अकोल्याकडे मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळे गाडीखाली पाणी कमी पडलं म्हणून लगेच घाबरू नका. पण दमट दिवसात एसी तासभर चालूनही एक थेंब नाही आणि डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली लागतेय, तर पाण्याची नळी तुंबलीय. ती इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून खाली निघते, तिच्या तोंडाशी चिखल किंवा गांधीलमाशीचं घर असतं, खालून हलकी हवा मारली की सुटते.

एवढं सगळं ठीक निघालं आणि तरी समोरून वारा कमी, पण पायाशी किंवा पुढच्या काचेवर जोरात येतोय, तर आतल्या पडद्यांकडे बघा. हवा कुठे पाठवायची हे ठरवणारे प्लास्टिकचे पडदे आत असतात, त्यांच्या कडेला स्पंज चिकटवलेला असतो आणि तो वयानं भुगा होतो. जाळीतून काळे मऊ तुकडे अंगावर उडत असतील तर तोच. स्पंज गेला की पडदा नीट बंद होत नाही, अर्धी हवा भलतीकडे जाते, हीटरच्या बाजूचा पडदा गळत असेल तर गरम हवाही मिसळते. कधी कधी नुसती खिटीची केबल क्लिपमधून सटकलेली असते, ती परत अडकवली की झालं. कुणी नवा म्युझिक सिस्टम बसवून गेल्यावर वारा कमी झाला असेल तर डॅशबोर्डच्या मागचा हवेचा पाइप निसटलाय का ते आधी बघा.

मागच्या सीटवाल्यांसाठी एक साधी गोष्ट. जुन्या छोट्या गाड्यांना मागे जाळ्या नसतात, म्हणून आपण पुढच्या जाळ्या तोंडावर वळवतो आणि गार हवा आपल्याच छातीवर संपते. मधल्या दोन जाळ्या वर, दोन सीटच्या मधून छताच्या दिशेनं करा, आतलीच हवा फिरवायचं बटण लावा, गाडी उन्हात तापलेली असेल तर आधी दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून चालवा. आम्ही पुढच्या सीटच्या मागे एक छोटा यूएसबी पंखाही लावलाय. वारा पुरेसा नसताना त्यानं काही होत नव्हतं, ब्लोअर आणि कॉइल साफ झाल्यावर मात्र आईपर्यंत गारवा पोचायला त्याची चांगली मदत होते.

आता घरी पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी बाबा एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालवतात, कॉइल सुकते, वास येत नाही. वायपरखाली आतून अर्ध्या बोटाच्या भोकांची लोखंडी जाळी लावली, उंदीर थांबले, पण गुलमोहराचं पान त्यातूनही जातंच. म्हणून मे-जूनमध्ये दर रविवारी मी बॉनेट उघडून तिथे हात घालते आणि निघेल तेवढं काढते. मागच्या रविवारी मूठभर निघालं.